कथा झकास, कलाकार एकसे एक, आणि तरी सिनेमाची माती : असे कुठले सिनेमे तुमच्या जिव्हारी लागले?

घोडबंदरकर :

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर 'औरों में कहाँ दम था' परत लावला. पहिल्यांदा ऑगस्ट २०२४ मध्ये थेटरात बघून चिडून बाहेर आलो होतो, म्हणलं कदाचित त्या दिवशी आपलंच डोकं ठिकाणावर नसेल, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तासभर रखडत गेलं की कुठलाही सिनेमा वाईटच वाटतो, तर आता घरी शांतपणे बघू. बघितला, आणि परत तेच झालं.

गोष्ट काय आहे बघा ना. चाळीतलं प्रेम, एका रात्री पोराच्या हातून दोन खून, वीसेक वर्षं तुरुंग, सुटल्यावर तो त्याच रात्री तिला भेटतो, तिचं आता लग्न झालेलं आहे आणि नवऱ्यालाही त्याला भेटायचंय. एवढं नुसतं ऐकलं तरी पोटात कालवतं. त्यात अजय देवगण आणि तब्बू, नवरा जिमी शेरगिल, तरुणपणीचे शंतनू माहेश्वरी आणि आपली सई मांजरेकर, संगीत कीरवाणींचं, दिग्दर्शक 'अ वेन्सडे' आणि 'स्पेशल छब्बीस'वाला नीरज पांडे. अजून काय पाहिजे माणसाला?

तब्बू समोर बसते, काही बोलत नाही, नुसती बघते आणि त्या बघण्यात सगळी वर्षं दिसतात. तेवढ्यात फ्लॅशबॅक. बरं नवीन काही असतं तर ठीक, तोच प्रसंग जो आपण अर्ध्या तासापूर्वी बघितला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे झालं ना मगाशी?" आणि ती भांडी आवरायला उठून गेली.

मी स्वतः चरईतल्या चाळीत वाढलोय. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, मी कधी तिकडून गेलो की गेटवरचा वॉचमन विचारतो कोणाकडे जायचंय. मला तर सुटून आलेला तो माणूस असा गेटवर उभा राहिलेला बघायचा होता. चाळीत प्रेम लपत नाही हो, गॅलरीत कोण किती वेळ उभं राहिलं हे नळावरच्या बायकांना आधी कळतं, म्हणजे त्या दोघांचं काय झालं याचे पन्नास साक्षीदार असणार, ते कुठे गेले, कोणी त्याच्याशी बोललं, कोणी तोंड फिरवलं? यातलं मनाला भिडेल असं काहीच नाही. कलाकार बघायला मिळाले, त्यांची वर्षं नाही बघायला मिळाली.

माझं म्हणणं असं की आजकाल वनलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट ऐकून सिनेमा ठरतो आणि पटकथा लिहायची राहूनच जाते. फ्लॉप-हिटशी मला घेणंदेणं नाही, तुम्हाला मनापासून वाईट वाटलं असे सिनेमे सांगा.

सीवूड्सवाली :

अगदी मनातला धागा काढलात. माझा 'मर्डर मुबारक' (२०२४, नेटफ्लिक्स). दिल्लीतला जुना श्रीमंत क्लब, तिथे खून, आणि तपासाला पंकज त्रिपाठी. संशयित कोण तर करिश्मा कपूर, डिंपल कपाडिया, विजय वर्मा, सारा अली खान, टिस्का चोप्रा, संजय कपूर. मी तर मैत्रिणींना घरी बोलावून बघायला बसले होते, भेळ वगैरे करून. अनुजा चौहानच्या पुस्तकावरून केलाय, त्यामुळे कथा नव्हती असंही म्हणता येत नाही.

झालं काय की प्रत्येकाची ओळख झकास करून दिली आणि मग त्यांना विसरून गेले. डिंपल किती मस्त दिसते, तिला करायला काय दिलं? खुनाच्या गोष्टीत मला घरबसल्या प्रत्येकावर संशय घ्यायचा असतो ना, इथे संशय घ्यावा एवढी कोणाची ओळखच होत नाही. शेवटी खुनी कळला तेव्हा आम्ही चौघींपैकी एकीनेही 'अगं बाई' म्हटलं नाही.

पाचपाखाडी :

'सिकंदर'. ३० मार्च २०२५, त्या दिवशी ईदच्या तोंडावर सिनेमा आला आणि आपला गुढीपाडवाही होता. सकाळी स्वागतयात्रेत लेझीम खेळून, श्रीखंड-पुरी खाऊन आम्ही सगळे भाऊ-भावजया मिळून नऊ जण संध्याकाळच्या शोला गेलो. सणाचा दिवस, म्हणलं सलमानभाईचा पिक्चर, मजा येईल.

कथा ऐकून मी हबकलो होतो खरं सांगतो. नायकाची बायको जाते आणि तिचे अवयव मुंबईतल्या तीन जणांना मिळालेले असतात, तो त्यांना शोधत मुंबईत येतो. रश्मिका, काजल अगरवाल, सत्यराज, शर्मन जोशी, दिग्दर्शक 'गजनी'चा मुरुगादोस. पण प्रत्येक दहा मिनिटांनी मारामारी, आणि ज्या तिघांच्या अंगात त्याच्या बायकोचा अंश आहे ते तिघं नुसते त्याने वाचवण्यासाठी आहेत. आमच्या वहिनी डोळ्यातून पाणी काढायच्या तयारीने बसल्या होत्या, रुमाल कोरडाच राहिला.

नेरूळची सिस्टर :

पाचपाखाडी दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, एरवी मी इथे फक्त वाचते. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, अठरा वर्षं झाली, हॉस्पिटलचं नाव नको.

ब्रेनडेड पेशंट म्हणजे काय ते ज्याने जवळून बघितलं नाही त्याला कळत नाही. व्हेंटिलेटर चालू असतो, हात गरम असतो, मॉनिटरवर ठोके दिसतात, आणि आम्ही नातेवाईकांना सांगायचं की तुमचा माणूस गेला. चार डॉक्टरांचं पॅनल तपासतं, आणि एकदा तपासून चालत नाही, कमीत कमी सहा तासांनी परत सगळ्या टेस्ट करायच्या. ते सहा तास घरचे बाहेर बाकड्यावर बसलेले असतात. कोणीतरी पाय धरून बघतं, म्हणतं सिस्टर बघा ना, कोमट आहेत. त्या अवस्थेत त्यांना अवयवदानाचं विचारायचं असतं. आणि ते हो म्हणतात! स्वतःचं जग बुडालेलं असताना ती माणसं कोणा अनोळखी माणसासाठी सही करतात. मी ते बघितलंय आणि दरवेळी ड्युटी संपली की सानपाड्याच्या पुलापर्यंत नुसती चालत गेलेय, रिक्षा करायचं सुचलेलं नाही.

आपल्याकडे दात्याचं नाव अवयव मिळालेल्याला आणि त्याचं नाव दात्याच्या घरच्यांना सांगत नाहीत, गुप्त ठेवायचं असा नियमच आहे. एका बाईंनी जाताना माझा हात धरून विचारलं होतं, "नाव नको सांगू, फक्त सांग तो जगला का?" मला तेवढंही सांगता आलं नाही. म्हणजे नवरा शोधत निघाला ही कल्पनाच केवढी मोठी आहे बघा! त्याने शोधावं की नाही इथपासून प्रश्न आहे, ज्याला हृदय मिळालं त्याला समोरच्या माणसाचे उपकार कायम डोक्यावर घेऊन जगायचं का हा प्रश्न आहे, आणि हा त्यांच्या छातीकडे बघत बसणार का? याच्यावर दोन तास कमी पडले असते. अशा सिनेमानंतर पाच घरांत जरी अवयवदानाचा विषय निघाला असता ना, तर आमचं बाकड्यासमोर उभं राहून बोलणं थोडं सोपं झालं असतं. मला राग याचा आला. सलमान खानने सांगितलं असतं तर ऐकणारे लाखो होते.

पाचपाखाडी :

सिस्टर, तुमची पोस्ट वहिनींना वाचून दाखवली. त्या काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या फॉर्म कुठे मिळतो विचार.

नेरूळची सिस्टर :

ऑनलाइन भरता येतो, नोटोच्या (अवयवदानाचं काम बघणारी सरकारी संस्था) साइटवर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी विचारतात ते घरच्यांनाच.

वाशीखाडी :

घोडबंदरकरांच्या मुद्द्याला माझ्याकडे पक्का पुरावा आहे. १३ जानेवारी २०२३, एकाच शुक्रवारी दोन सिनेमे आले. एक 'कुत्ते', तब्बू, नसीरुद्दीन शाह, कोंकणा सेन, अर्जुन कपूर, कुमुद मिश्रा, राधिका मदान, दिग्दर्शक आसमान भारद्वाज आणि मागे विशाल भारद्वाज. पैशांनी भरलेली व्हॅन आणि तिच्यावर तीन टोळ्यांचा डोळा. दुसरा आपला परेश मोकाशींचा 'वाळवी', स्वप्नील जोशी, सुबोध भावे, अनिता दाते, शिवानी सुर्वे, मुख्य माणसं चार, फार लांबचा प्रवास नाही, फार गोळीबार नाही.

मी दोन्ही एकाच वीकेंडला बघितले, वाशीतच. 'कुत्ते'ची सुरुवात गडचिरोलीत होते, कोंकणा नक्षलवादी, पहिली काही मिनिटं मी श्वास धरून होतो, आणि मग ती बाई बहुतेक सिनेमाभर दिसतच नाही. नसीरुद्दीन शाहांना व्हीलचेअरवर बसवलंय आणि करायला जवळजवळ काही नाही. एवढे सगळे कुत्रे एका हाडासाठी भांडणार हे आपल्याला नावावरूनच कळलंय, मग भांडणात पुढे काय होणार याची उत्सुकता कोणी निर्माण करायची?

'वाळवी'त प्रत्येक वस्तू परत येते. म्हणजे सुरुवातीला जे सहज दाखवलं ते नंतर गळ्याशी येतं. (बघितला नसेल त्यांच्यासाठी यापुढे लिहीत नाही.) थेटरात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या आणि जे होते ते सगळे पुढे सरकून बसले होते. नंतर त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधुगंधा कुलकर्णी आणि मोकाशी दोघांनी मिळून लिहिलाय, आणि तो लिहिलाय हे जाणवतं. नाटकाच्या माणसांना तालमीची सवय असते, चौथ्या-पाचव्या प्रयोगापर्यंत वाक्यं काढायची, जागा बदलायच्या, लोक कुठे चुळबुळ करतात ते विंगेतून बघायचं. सिनेमाला ती सोय नाही, तर ते काम आधी कागदावर करायला पाहिजे ना.

एडिट टेबल :

मी एडिटिंगमध्ये आहे, आधी असिस्टंट, आता स्वतंत्र, ऐरोलीत राहतो, रोज अंधेरी. वाशीखाडी म्हणतात ते बरोबर आहे पण आतली एक गोष्ट सांगतो जी बाहेर फार बोलली जात नाही.

मोठे चेहरे आधी का घेतात, कारण चेहऱ्यांवर पैसे उभे राहतात, ओटीटीचे हक्क त्याच्यावर विकले जातात. स्क्रिप्ट तेव्हा पूर्ण असेलच असं नाही. आणि आठ मोठे कलाकार घेतले की सगळ्यात मोठी अडचण होते ती कॉम्बिनेशनची. म्हणजे अमका आणि तमका एका दिवशी एकत्र मोकळे पाहिजेत. एक बारा दिवस देतो, दुसरी नऊ, त्यातले कॉमन दिवस दोन. मग काय करायचं, लेखकाला सांगायचं की यांचे सीन वेगळे कर. ज्या दोघांना समोरासमोर बघायला तुम्ही तिकीट काढलं त्यांची भेटच स्क्रिप्टमधून जाते.

एक सांगतो, नावं नाही. दोन मोठे नट एकमेकांशी भांडतात असा चार मिनिटांचा सीन माझ्या टेबलवर आला होता. प्रत्यक्षात दोघं तीन आठवड्यांच्या अंतराने आले. पहिल्यासमोर एक असिस्टंट उभा राहून दुसऱ्याचे संवाद कागदावरून वाचत होता, आणि खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये दुसऱ्याचा शर्ट घातलेला डमी. असिस्टंट उंचीने कमी, त्यामुळे नटाची नजर दोन इंच खाली गेलीय. मी अख्खा दिवस त्या दोन इंचांशी भांडत होतो. शॉट झूम केला, खाली-वर केला, काही फ्रेम उडवल्या, पण भांडणात एक माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात न बघता त्याच्या गळ्याकडे बघून ओरडतोय हे प्रेक्षकाला सांगता आलं नाही तरी कळतं. त्याला नुसतं वाटतं की हे काही जमलं नाही बुवा. सीवूड्सवाली ताई, क्लबमधल्या लोकांबद्दल तुम्हाला जे वाटलं ना, ते कशामुळे असं मी त्या सिनेमाबद्दल नाही सांगू शकत, पण असे सिनेमे बघताना माझी नजर आता पहिली तिथेच जाते की सगळे एका फ्रेममध्ये किती वेळा आहेत.

कळवा नाका :

पण दादा, तारखांचं रडगाणं पूर्वी नव्हतं का? पूर्वीचे नट तर एका दिवसात दोन-दोन शिफ्ट करायचे.

एडिट टेबल :

होतं की. पण कलाकार सेटवर आले की सीन तरी लिहिलेला असायचा, आणि लिहिलेला नसेल तर लिहिणारा माणूस सेटवर बसलेला असायचा. आता लेखकाचं मानधन संपलेलं असतं आणि तो दुसऱ्या वेबसिरीजवर असतो. मला राग नटांचा येत नाही, लेखकाला कोणी थांबवून ठेवत नाही याचा येतो.

कळवा नाका :

हे पटलं. मग माझा पण घ्या, 'देवा' (जानेवारी २०२५). स्पॉयलर आहे, बघायचा असेल तर ही पोस्ट सोडा.

पोलीस अधिकाऱ्याने मित्राच्या खुनाचा छडा लावलाय, वरिष्ठांना फोनवर नाव सांगणार एवढ्यात अपघात, आणि स्मृती जाते. आता स्वतःचीच केस परत शून्यातून सोडवायची. शाहिद कपूर, सोबत पवैल गुलाटी, पूजा हेगडे, आपले गिरीश कुलकर्णी. रोशन अँड्रूज यांनी स्वतःचाच २०१३ चा मल्याळम 'मुंबई पोलीस' हिंदीत केला. मूळ सिनेमात खुनाचं कारण नायकाने आयुष्यभर लपवलेल्या गोष्टीत होतं, म्हणून कळल्यावर अंगावर काटा यायचा, आधीचा प्रत्येक सीन वेगळा दिसायला लागायचा. हिंदीत ते कारणच बदललं. धाडस काढून घेतलं आणि त्याच्या जागी नाच आणि हाणामारी भरली. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड स्वतःच तोडल्यासारखं झालं ते. शाहिदने जीव तोडून काम केलंय म्हणून जास्त हळहळ वाटते.

खारघरची आई :

माझा 'आदिपुरुष', जून २०२३. लेक तेव्हा सात वर्षांचा होता, आजीकडून रामायण ऐकून ऐकून त्याला सगळं पाठ. निर्मात्यांनी जाहीर केलं होतं ना की प्रत्येक थेटरात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवणार, तर त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं की मी त्या खुर्चीच्या शेजारी बसणार. आम्हाला शेजारची मिळाली नाही पण त्याच रांगेत होतो. खुर्चीवर भगवं कापड आणि झेंडूचा हार. पोराने सिनेमा सुरू व्हायच्या आधी जाऊन नमस्कार केला आणि खिशातलं राजगिऱ्याच्या चिक्कीचं पाकीट ठेवून आला.

दिग्दर्शक ओम राऊत, ज्यांचा 'लोकमान्य' मी दोनदा बघितलाय. संगीत अजय-अतुल, 'जय श्री राम' लागलं तेव्हा माझ्या अंगावर शहारे आले. हनुमान देवदत्त नागे, ज्यांना आम्ही घरी 'जय मल्हार'मध्ये खंडोबा म्हणून हात जोडलेत. आणि त्या हनुमानाच्या तोंडी रस्त्यावरच्या टपोरी पोरासारखी भाषा! लोकांनी एवढा आवाज केला की काही दिवसांत संवाद बदलावे लागले. पण आम्ही पहिल्याच शनिवारी गेलो होतो. लेकाने माझ्याकडे वळून विचारलं, "आई, हनुमान असं बोलतो?" मी काय सांगणार होते? हजारो वर्षं जी गोष्ट लोकांनी जिभेवर सांभाळली, जिच्यात प्रत्येक माणूस कसा बोलतो हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे, तिला लेखकाने भाषाच देऊ नये? स्पेशल इफेक्ट वाईट होते ते मी सोडून देईन, भाषा नाही सोडून देता येत.

तलावपाळी :

सगळे हिंदीवरच घसरलेत म्हणून मी मराठीचं काढतो, शिव्या खायची तयारी आहे. 'पुन्हा शिवाजीराजे भोसले', ऑक्टोबर २०२५ अखेरचा. महेश मांजरेकर दिग्दर्शक, महाराजांच्या भूमिकेत सिद्धार्थ बोडके, सोबत सिद्धार्थ जाधव. महाराज आजच्या महाराष्ट्रात येतात आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या बघतात. यापेक्षा मोठा विषय कुठला असणार आपल्याकडे?

२००९ चा पहिला, 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' आठवा. दिनकर भोसले, सचिन खेडेकर, बँकेतला साधा माणूस, त्याचं घर, त्याची पोरं, त्याचा रोजचा अपमान. महाराज त्याच्यासाठी यायचे, म्हणून ते आपल्यासाठी आल्यासारखे वाटायचे. आता महाराज भाषण करायला आल्यासारखे वाटतात. माझं आजोळ लातूरकडे, मामाची आठ एकर कोरडवाहू. सोयाबीनचा भाव पडला की मामी घरात काय बोलते, सावकाराची गाडी बांधावर दिसली की मामा कुठल्या वाटेने घरी येतो, पीक विम्याच्या फॉर्मसाठी किती खेटे, हे मी लहानपणापासून बघतोय. मला एक शेतकरी पूर्ण दाखवा हो, टाळ्यांचे संवाद आपोआप येतील.

जांभळी नाका :

तलावपाळी, आधीच आपल्या सिनेमांना शो मिळत नाहीत, मिळाला तर सकाळी पावणेदहाचा, त्यात आपणच नावं ठेवायची का? निदान विषय तरी घेतला ना कोणीतरी.

तलावपाळी :

अहो मी तिकीट काढून थेटरात जाऊन बघितलाय, मित्रांनाही नेलं. नावं ठेवतोय ती आपलं मानतो म्हणूनच. आणि असं नाही की आपल्याकडे होत नाही, त्याच्या दीड महिना आधी 'दशावतार' आला होता, दिलीप प्रभावळकरांनी या वयात काय काम केलंय! कोकणातली खाण हा विषयही तसाच पेटता, पण तो आपल्याला एका म्हाताऱ्या कलावंताच्या अंगातून दिसतो. लोक गेले की नाही गेले? तुडुंब गेले.

जांभळी नाका :

दशावताराबद्दल मान्य. पुन्हा शिवाजीराजेबद्दल मला तरी शेवटी भरून आलं होतं, ते मी खोटं नाही म्हणणार.

कोपरखैरणे सेक्टर :

मी बरेच दिवस लिहू की नको करत होते. 'वनवास', डिसेंबर २०२४. नाना पाटेकर. विसरण्याचा आजार झालेल्या वडिलांना मुलं बनारसला नेऊन सोडून येतात.

माझ्या बाबांना तोच आजार आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत तेहतीस वर्षं नोकरी केली त्यांनी. आता रोज पहाटे पाचला शर्ट खोचून, चपला घालून दाराशी खुर्चीत बसतात. विचारलं तर म्हणतात, डबा दे लवकर, पहिली पाळी आहे. पहिले काही महिने मी सांगायचे, बाबा तुम्ही रिटायर झालात, की त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू आत्ता या क्षणी नोकरी गेली. रोज नव्याने. मग सांगणं बंद केलं. आता मी डब्यात खरंच पोळी-भाजी भरून हातात देते, ते मांडीवर डबा घेऊन बसतात, उजाडलं की तिथेच उघडून खातात आणि म्हणतात आज कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती.

सिनेमात नाना नुसता उभा राहून समोरच्याचा चेहरा ओळखायचा प्रयत्न करतो ना, ते डोळे मी रोज घरी बघते. तेवढे दोन-चार क्षण असे खरे आहेत की मला थेटरात ओढणी तोंडात धरावी लागली. पण दिग्दर्शकाला त्या डोळ्यांवर विश्वास नाही. लगेच व्हायोलिन, लगेच कोणीतरी मोठ्याने रडतं, मग तरुण जोडीचं प्रेमप्रकरण, गाणं, विनोद, अडीच तासांच्या वर सिनेमा. आणि मुलं म्हणजे नुसती राक्षस. असं नसतं हो. सोडून देणारे राक्षस असते तर गोष्ट सोपी होती. मी बाबांना कधी सोडणार नाही, पण एका पहाटे तीन वेळा डबा मागितला तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसले होते, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला माहीत आहे. त्या दाराआडचा सिनेमा मला पाहिजे होता. नानांनी तो केला असता, त्यांच्यात ते सगळं आहे.

घोडबंदरकर :

कोपरखैरणे ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. पहाटेचा डबा आणि कॅन्टीन, हे कोणी लिहून नानांच्या हातात दिलं पाहिजे होतं.

नेरूळची सिस्टर :

ताई, तुम्ही डबा भरून देता ते एकदम बरोबर करता, दरवेळी सत्य सांगायचा आग्रह धरायचा नसतो. आणि ती दहा मिनिटं लागतात. घरी सांभाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी ते दार लावतो, मनाला लावून घेऊ नका. दुपारी तासभर कोणी बसणारं हवं असेल तर सांगा, मी नाइट ड्युटीच्या आठवड्यात दुपारी मोकळी असते आणि नेरूळहून तुमच्याकडे यायला मला फार वेळ नाही लागत.

कोपरखैरणे सेक्टर :

सिस्टर, विचारते तुम्हाला खाजगीत. बाबांना पाहुणे आवडतात, तुम्ही युनिफॉर्ममध्ये आलात तर ते तुम्हाला कंपनीच्या दवाखान्यातल्या समजतील आणि बोट कापल्याचं सांगतील. पट्टी बांधून द्या म्हणजे झालं.